मधला मासा

खुर्च्यांच्या कारखान्यात त्यांचं काम एकच होतं, ते म्हणजे बसणं. नवा नमुना आला की ते त्यावर बसत, डावीकडे झुकत, उजवीकडे झुकत, डोळे मिटून जरा वेळ स्वस्थ राहत आणि मग उठून शेरा लिहीत. शेरा बहुधा ठरलेला असे: ‘डुगडुगते.’ एकतीस वर्षं हेच चाललं, त्यामुळे कारखान्यात त्यांचं नाव डुगडुगकाका पडलं आणि ते नाव त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी मोठ्या हौसेने त्यांना एक खुर्ची भेट दिली. काका तिच्यावर बसले, झुकले आणि भर सभेत म्हणाले, “डुगडुगते.” साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. फरशीच उंचसखल होती हे नंतर कळलं, पण तोवर पाहुणे पांगले होते.

काकांना नाद एकच, मासेमारीचा. दर रविवारी सकाळी ते गावाबाहेरच्या तळ्यावर जात. काठाचा उतार मोजून त्यांनी आपल्या स्टुलाचा एक पाय अर्धा इंच कापून घेतला होता, त्यामुळे ते स्टूल जगात फक्त त्याच एका जागी सरळ उभं राहत असे. उजव्या हाताला दातांचे डॉक्टर बसत, डाव्या हाताला निवृत्त पोस्टमन. दोघांनाही मासे मिळत. काकांना बावीस वर्षांत एकही मिळाला नव्हता. पण माणूस पडला परीक्षक! दोष दुसऱ्यात शोधण्यात हयात गेलेली. ते शांतपणे सांगत, “काठाला येतो तो सगळा किरकोळ माल. माझा मासा मध्ये आहे.”

एकच गोष्ट बावीस वर्षं ऐकली की ती खरी वाटायला लागते. कुणी नवखा आला की पोस्टमनच त्याला समजावून सांगे, “काकांचं वेगळं आहे. त्यांचा मासा मध्ये आहे.” तळ्यावर काकांना मान होता तो या एका वाक्यावर. मध्ये काय आहे हे आपण कधी पाहिलेलं नाही, ही गोष्ट फक्त काकांना ठाऊक होती.

अशा सुखात लेकीचा फोन आला. “बाबा, आता पायांनी चालवायची कयाक मिळते. लांबट होडीच, पण सायकलसारखं पेडल मारायचं. हात मोकळे, खुशाल गळ धरून बसा. तुमच्या साठीला मी घेऊन देते. तुम्ही फक्त निवडा.”

काकांनी ‘बघतो’ म्हणून फोन ठेवला. होडी आली की मध्ये जावं लागणार, आणि मध्ये जाऊन हात हलवत परत आलो तर मग सांगायचं काय? पण पोरीचं मन मोडवेना. शेवटी ‘निवडा’ या शब्दात त्यांना सुटकेची वाट दिसली. नापास करण्यात त्यांचा हात धरणारा कोण होता?

होड्यांच्या दुकानात ते दर मंगळवारी जाऊ लागले. वही, टेप आणि सुतारांचं सपाटी बघायचं यंत्र सोबत. अरुंद कयाक पाहिली, शेरा: डुगडुगते. रुंद पाहिली, ती हलेना, तर शेरा: रेड्यासारखी बसून राहते. एकीची पाठ फार ताठ, दुसरीची फार मागे. एकीचं पेडल गोल फिरायचं, ते गुडघ्याला सोसेना. दुसरीचं पुढेमागे व्हायचं, ते मनाला पटेना. एक कयाक इतकी आरामशीर निघाली की काका तिच्यात पाऊण तास गाढ झोपले आणि जागे झाल्यावर त्यांनी लिहिलं, ‘झोप लागते. धोकादायक.’

दुकानदार आधी वैतागला, मग त्याच्या ध्यानात आलं की दुकानात एक म्हातारा कयाकमध्ये घोरताना बघून गिऱ्हाइकं भराभर तीच कयाक मागतात. मग तो मंगळवारी काकांना स्वतः चहा आणून देऊ लागला. असे अकरा महिने गेले. लेक फोनवर विचारी, “बाबा, झाली का निवडून?” काका म्हणत, “घाई करून चालत नाही गं.”

शेवटी बायकोनेच दुकानदाराला फोन केला. ती घरी शिवणकाम करायची, पायमशीनवर. कापड बेतलं की कापायचं, एवढंच तिला कळे. पुढच्या रविवारी दुकानदार गाडीवर कयाक लादून तळ्यावर हजर झाला आणि त्याच्या शेजारी बसून बायकोही आली. डॉक्टर आणि पोस्टमन गळ सोडून उठले.

“चला काका,” पोस्टमन म्हणाला, “आज आणाच तुमचा मासा!”

दुकानदाराने कयाक पाण्यात सोडली. काकांनी तिला हात लावला, हलवून पाहिली आणि क्षीण आवाजात म्हणाले, “डुगडुगते हो.”

“अहो, पाण्यात आहे ती,” बायको म्हणाली. “पाण्यात नाही डुगडुगणार तर कुठे?”

“तसं नाही गं, आज जरा गुडघाही...”

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चाळीस वर्षांचा संसार. त्या चेहऱ्यावर गुडघ्याचं काही नव्हतं, निव्वळ भीती होती, हे तिला एका नजरेत कळलं. तिने दुकानदाराकडून तरंगायचं जाकीट घेऊन अंगात चढवलं, काकांच्या हातातला गळ काढून घेतला आणि सीटवर बसून पेडलवर पाय ठेवले. मशीनवर घासलेले ते पाय! कयाक सरळ शिवण घालावी तशी मध्यापर्यंत गेली.

अर्धा तास सगळे काठावरून तिच्याकडे बघत राहिले. काका स्टुलावर बसले होते आणि स्टूल आज पहिल्यांदाच त्यांना हलल्यासारखं वाटत होतं. बायको परत आली. गळ रिकामाच होता.

“काय झालं?” डॉक्टरांनी विचारलं.

“आहे,” ती म्हणाली. “हे म्हणतात तसाच आहे. एवढा मोठा की मला ओढवला नाही. गळ सोडवून गेला.”

डॉक्टर आणि पोस्टमन यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग दोघेही दुकानदाराकडे धावले. काकांनी सगळ्यांत कमी दोष काढलेली कयाक कोणती, एवढंच त्यांनी विचारलं. आज आणलेली धरून दुकानात तशा दोनच शिल्लक होत्या, त्या तिथल्या तिथे गेल्या. लेकीला काकांनी कळवलं, “नवा माल येईपर्यंत थांबावं लागेल.”

घरी आल्यावर काकांनी बराच वेळ खाकरून विचारलं, “अगं, खरंच होता का?”

“तुम्ही बावीस वर्षं सांगताय,” ती सुईत दोरा ओवत म्हणाली. “मी कधी विचारलं?”

काकांना लाज वाटली आणि तिच्याबद्दल इतकं भरून आलं की काय करावं ते सुचेना. त्यांनी उठून तिच्या मशीनला तेल घातलं. तेल घाला म्हणून ती दोन महिन्यांपासून मागे लागली होती.

पुढच्या रविवारी डॉक्टर आणि पोस्टमन मध्ये जाऊन पाण्याकडे डोळे लावून बसले होते. पलीकडच्या काठावरचेही दोघेतिघे कुठून कुठून होड्या मिळवून तिकडेच गेले होते. काठावर काका एकटे, शेजारी ना गप्पा, ना आवाज. पाणी अगदी निवांत होतं. आणि गळाला ओढ बसली.

बावीस वर्षांत पहिली ओढ. काका उभे राहिले, स्टूल लवंडलं. हातभर लांब, जाडजूड, चकचकीत मासा त्यांनी ओढून काढला आणि छातीशी धरला. त्यांच्या तोंडून “अरे!” एवढंच आलं. हाक मारायला ते वळले. मध्ये सगळे पाठमोरे बसलेले. एक हाक मारली असती तर साऱ्या तळ्याने पाहिलं असतं: काकांचा मासा. काठावर मिळालेला.

मग बायकोला तळ्याच्या मध्ये भेटलेला मासा कुठला, असं सगळ्यांनी विचारलं असतं.

काकांनी आणखी जरा वेळ मासा छातीशी धरला. मग खाली बसून जपून गळ सोडवला आणि त्याला पाण्यात सोडून दिलं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “मिळालं काही?”

“छे,” काका म्हणाले. “काठाला काही नसतं. मासे मध्येच असतात.”

तिने त्यांच्या सदऱ्यावर चिकटलेले दोन रुपेरी खवले नखाने काढले, क्षणभर तळहातावर धरून पाहिले.

“हो,” ती म्हणाली, “मध्येच असतात.” आणि तिने सदरा भिजत घातला.