सात नंबरची दुसरी ऑडिशन

सात नंबर वाजवत असताना आमच्या पियानोवाल्याने घोळ घातला. नोटेशनची दोन पानं एकदम उलटली गेली आणि तो बराच पुढे निघून गेला. पडद्यामागची क्लॅरिनेट थांबली नाही. तिने एक लांब सूर धरला, पियानो कुठे पोचलाय ते ऐकलं आणि तिथे जाऊन त्याला गाठलं. शेजारी बसलेल्या फर्नांडिस सरांनी पेन खाली ठेवलं. माहीमला आयुष्यभर व्हायोलिन शिकवत आलेला हा माणूस ऑडिशनमध्ये सहसा पेन खाली ठेवत नाही.

मी विद्यापीठाच्या ऑर्केस्ट्राची कंडक्टर. पन्नास मुलं वाजवत असताना समोर उभी राहून त्यांना एकत्र ठेवणं हे माझं काम. वार्षिक कार्यक्रमात दर वर्षी एका विद्यार्थ्याला सोलोइस्ट म्हणून निवडतो. तो पुढे उभा राहून मुख्य भाग वाजवतो, बाकीचे साथ देतात. निवड गिरगावातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होते. मुलं पडद्यामागे वाजवतात, आम्हाला फक्त नंबर कळतो. चपलांच्या आवाजावरून मुलगा की मुलगी तेही कळू नये म्हणून सतरंजी अंथरतो.

परीक्षक तिघं: सर, मी आणि आमच्या विभागाच्या डायरेक्टर मॅडम. तिघांनीही सात नंबरला पहिलं ठेवलं. मॅडमचे मार्क तर आम्हा दोघांपेक्षा जास्त होते. दुसरा आला चार नंबर, व्हायोलिन.

मग नावं उघडली. सात नंबर म्हणजे प्रज्ञा कांबळे, शेवटच्या वर्षाला, राहणार बीडीडी चाळ, वरळी. फॉर्मवर 'वादनाचं शिक्षण कोणाकडे' यापुढे तिने लिहिलं होतं, 'वडिलांकडे. लालबागच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात.' लग्नाचा बँड. चार नंबरचे काका विद्यापीठाच्या कुठल्याशा कमिटीवर होते.

मॅडमनी फॉर्म दोनदा वाचला. बाहेरचे पाहुणे येणार, पत्रिकेत सोलोइस्टची माहिती छापावी लागते, असं काहीतरी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"काय छापायचं? वरातीत वाजवते म्हणून?"

मी गप्प बसले. चांगला मिनिटभर. मॅडमचा जितका राग येतो, तितकाच त्या मिनिटाचा मला आजही येतो.

त्या मिनिटात मॅडमनी ठरवूनही टाकलं. पहिल्या दोघांना शुक्रवारी परत बोलवायचं, या वेळी पडद्याशिवाय. कारण 'स्टेज प्रेझेन्स', म्हणजे स्टेजवर माणूस शोभतो कसा. आमच्या नियमांत हा शब्द कुठेच नव्हता. मी म्हटलं, मग हे लेखी द्या. लेखी काही मिळालं नाही. मुलांना फोन मात्र लगेच गेले.

दुसऱ्या दिवशी रिहर्सल संपल्यावर प्रज्ञा माझ्याकडे आली. मला वाटलं भांडायला आलीय. तिच्या हातात वही आणि पेन होतं.

"मॅम, माझं काय चुकलं ते सांगा ना. शुक्रवारपर्यंत तेवढं बसवते."

"काही चुकलं नाही तुझं."

"मग परत कशाला?"

उत्तर मला माहीत होतं. मी स्टँडवरचे नोटेशनचे कागद गोळा करायला लागले. ती वही मिटत म्हणाली, "फॉर्मवर पप्पांचं लिहायला नको होतं का?"

त्याच दुपारी मी कुलसचिवांना पत्र लिहिलं. विद्यापीठाचा कारभार त्यांच्या सहीने चालतो. सोबत तिन्ही परीक्षकांचे मार्कांचे कागद जोडले, मॅडमचा सगळ्यात वर. शेवटी लिहिलं की शुक्रवारची ऑडिशन होणार असेल तर कार्यक्रमाला दुसरा कंडक्टर बघावा. सरांनी पत्र वाचलं आणि माझ्या सहीच्या वर आपली सही केली. म्हणाले, "सीनियर मी आहे."

गुरुवारी आम्हा तिघांना बोलावणं आलं. कुलसचिवांनी मॅडमना विचारलं, हे अक्षर तुमचंच ना? मॅडम हो म्हणाल्या. मग स्टेज प्रेझेन्सवर बरंच बोलल्या. कुलसचिवांनी ऐकून घेतलं आणि नियमांचं पुस्तक मॅडमपुढे सरकवलं. कुठे लिहिलंय ते दाखवा, म्हणाले. शुक्रवार रद्द झाला. प्रज्ञाला एका ओळीचा मेसेज गेला: ऑडिशन रद्द, निवड कायम. सॉरी कोणी म्हटलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी तिच्या वडिलांची लग्नाची ऑर्डर होती, म्हणून ते आदल्या आठवड्यात रिहर्सलला आले. शेवटच्या रांगेत बसून शांतपणे ऐकलं. निघताना मला म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या भागात ती श्वास उशिरा घेते. म्हणून शेवटचा सूर खाली येतो." आम्हा तिघा परीक्षकांच्या कानातून हे निसटलं होतं. दोन दिवस बसून प्रज्ञाने आणि मी तो श्वास सुधारला.

कार्यक्रम झाला. प्रज्ञाने असं वाजवलं की पाहुणे उभे राहिले. पत्रिकेत माझ्याबद्दल सहा ओळी होत्या, मॅडमबद्दल दहा. तिच्या वाट्याला फक्त नाव आणि वाद्य. फोटोत मात्र मॅडम तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या आहेत.

मी नियमांत एक बदल करून घेतलाय. निकाल आता नंबरानेच लागतो आणि त्याच संध्याकाळी नोटीस बोर्डावर जातो. नावं दुसऱ्या दिवशी उघडतात, आम्हा परीक्षकांसाठीही आणि बाकी सगळ्यांसाठीही.