उजव्या कानातली कळ

गोल बाजारातले श्यामकांत पितळी भांड्याला टिचकी मारून, नुसत्या नादावरून बारीक तडा ओळखत. त्यांचा उजवा कान दुखू लागला, तेव्हा कान गेला तर धंदाही गेला, या भीतीनं ते खचले. बायको ममता सहा महिने रोज रडत रडत कानात लसणाचं कोमट तेल घालत राहिली.

शेवटी डॉक्टरांनी तपासलं. "कान एकदम साफ आहे."

"घे! काहून रडून राहिली होती?" श्यामकांत बायकोला हसले.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी घशात आरसा धरून पाहिलं. गाठ जिभेच्या मुळाशी वाढली होती. कानात फक्त तिची कळ येत होती.

"सहा महिन्यांपूर्वी लहान असेल," ते म्हणाले.

ममतानं तेलकट बोटं पदरात लपवली.