पाण्यात आधी उतरणारे महादूतात्या

महादूतात्यांविषयी लिहायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिणं अवघड नव्हतं. पण ते लिहायचे तर त्यांच्या थोरल्या बहिणीचं, आक्कांचं नाव येणार, आणि तिथं माझा हात थांबायचा. आता माझंही वय झालं आहे.

कुठलीही नवी गोष्ट आली की तात्या ती आधी स्वतःवर करून बघत. तरुणपणी त्यांच्या घरी मेंढरं होती. आमच्या पळसदेवला उजनी धरणाच्या फुगवट्यातून कळप पलीकडं न्यायचा असला की ते धोतर खोचून सगळ्यांच्या आधी पाण्यात शिरायचे. "मालक काठावर हुबा ऱ्हाऊन हाका मारत बसला तर मेंढरू पाण्यात पाय घालत न्हाय," असं म्हणायचे. पुढं मेंढरं विकून त्यांनी डाळिंब लावलं, तेही आमच्या शिवारात पहिलंच.

मी गावच्या दूध डेअरीचा चेअरमन. खुर्ची माझी, शिक्का माझा. पण तात्या कॅन घेऊन आले की दूध घालायला आलेली माणसं मला रामराम घालून त्यांच्याभोवती जमायची. माझी बायकोसुद्धा मी काही सांगितलं की म्हणायची, "तात्यांनी काय केलंय, ते बघा की आधी." हे मला फार डाचायचं. त्यांच्या डाळिंबाच्या बागेवर तेल्या रोग पडला त्या वर्षी मी बांधावर उभा राहून हळहळलो, आणि घरी येऊन पोटभर जेवलो.

करोनाची लस आली तेव्हा म्हाताऱ्यांचा नंबर आधी होता. गाव बिचकलेलं. तात्या आरोग्य केंद्रात गेले आणि दारातली माणसं ऐकतील अशा आवाजात डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "साखर हाय, बीपी हाय, रक्त पातळ व्हायची गोळी चालू हाय. मला चालतंय का?"

"तुमच्यासारख्यांनी तर घ्यायलाच हवी," बाई म्हणाल्या. "गोळीचं सांगितलंत ते बरं केलंत, टोचल्यावर जागा जरा जास्त वेळ दाबून धरा. पूर्वी कधी इंजेक्शननं अंगावर सूज आली, श्वास कोंडला, असं झालंय? आज ताप?"

"न्हाय बा."

"मग बसा. नंतर अर्धा तास इथंच थांबायचं. हात दुखेल, ताप येईल, अंग मोडून येईल. एक-दोन दिवसांत उतरतं. जास्त वाटलं तर लगेच या."

तात्यांना ताप आला, आणि तो त्यांनी लपवला नाही. दुसऱ्या दिवशी घोंगडी पांघरून डेअरीसमोरच्या बाकावर येऊन बसले. "बघा मला. दंड ठणकतोय, अंगात कणकण हाय. मेंढराला टोचल्यावर बी दोन दिस मान टाकतंय, पर पावसाळा काढतंय."

माणसं हसली. त्यांच्याभोवतीचा तो घोळका मी खुर्चीतून बघत होतो. ते गेल्यावर मी म्हणालो, "बोलायला काय जातंय? साखरवाल्याला ती लस सोसत न्हाय. घोंगडी बघितली न्हवं?" मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

आठवड्याभरात लेकीनं मला बारामतीला बोलावून घेतलं आणि दवाखान्यात नेऊन लस टोचवली. साखर मलाही आहे. टोचून बाहेर आलो तर थांबायच्या जागेत तात्या. व्याह्यांना घेऊन आले होते. मला वाटलं, माझं बोलणं यांच्या कानावर गेलेलं असणार, आता हा माणूस सगळ्यांसमोर माझी सालं काढणार. त्यांनी शेजारची खुर्ची पुसून दिली. "बसा चेअरमन. अर्धा तास बसायचं असतंय."

थोड्या वेळानं म्हणाले, "गावात तेवढं सांगा, आपुन बी घेतली म्हून. मी सांगतोय ते निम्म्यांना पटतंय. ऱ्हायलेलं निम्मं तुमचं ऐकत्यात."

जन्मभर मला हेच कुणाकडून तरी ऐकायचं होतं. आणि ते त्यांच्याच तोंडून यावं, याचाही मला राग आला. गावात सांगितलं असतं तर मी त्यांच्या मागून पाण्यात उतरलेलं मेंढरू ठरलो असतो. मी सांगितलं नाही. ते मीच सांगावं म्हणून त्यांनीही कुणाला सांगितलं नाही, घरीसुद्धा.

मग दोन दिवसांनी सकाळी आक्का डेअरीत आल्या. विधवा, माहेरीच राहिलेल्या. तात्यांच्या तापात उशाशी त्याच बसल्या होत्या आणि तो ताप बघून घाबरल्या होत्या.

"चेअरमन, लस घे म्हून महादू रोज मागं लागलाय. पर भाऊच त्यो, मायेनं सांगणार. तुमचं नि त्याचं कदी पटत न्हाय, म्हून तुमास्नी इचारते. मला बी साखर हाय, तुमाला बी हाय. तुमी घेतली का? तुमी घेतली असंल तर मी डोळं झाकून घीन."

आजूबाजूला चार माणसं होती. माझा दंड अजून दुखत होता.

"न्हाय," मी म्हणालो.

त्या मान हलवून गेल्या. पुढं उन्हाळ्यात ती दुसरी लाट आली. आक्कांना इंदापूरला नेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत. लस घेतली असती तर वाचल्याच असत्या, असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण त्यांनी ती घेतली असती, एवढं मला ठाऊक आहे.

तात्या त्यानंतर बाकावर फारसे बसले नाहीत. कुणी विषय काढला तर म्हणत, "भन हट्टी माझी. समद्या गावाला पाण्यात उतरवलं, घरचीच काठावर ऱ्हायली. माझ्यावर इस्वास न्हवता तिचा."

हे वाक्य माझ्यासमोर त्यांनी किती वेळा म्हटलं असेल. दर वेळी मी दुधाच्या मापात डोकं घातलं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचं हृदय थकलं. मी भेटायला गेलो. काय बोलायचं ते वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. मला बघताच पाय आखडून घेऊन त्यांनी जागा केली. "बसा चेअरमन. काय म्हणताय?"

"धरणाचं पाणी उतरलंय," मी म्हणालो. "बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर दिसाय लागलंय."

"व्हय? आक्काला लई आवडायचं बघायला," ते म्हणाले आणि डोळे मिटून राहिले. मी चहा घेतला आणि उठलो. आठ दिवसांनी ते गेले.

सांगायचं होतं ते इतकंच होतं. तात्या, आक्का हट्टी नव्हत्या. त्यांचा तुमच्यावर विश्वास होता, फक्त माझी साक्ष त्यांना हवी होती. ती मी खोटी दिली. मला माफ करा.