झेंतामावशीची लोकर

शनिवारी दुपारी औषधांच्या दुकानात फारसं कुणी येत नाही. व्हेल्ता खोकल्याच्या बाटल्या फडताळात लावत होती. दाराची घंटी वाजली आणि पांढरी काठी टेकत झेंतामावशी आत आली. बुटांवरचा बर्फ तिने उंबऱ्याशी नीट झटकला. दिसत नसलं तरी दुसऱ्याची फरशी घाण करणारी बाई ती नव्हती.

"व्हेल्ताच आहेस ना गं?"

"मीच, मावशी. बस ना जरा."

"बसायला नाही आले. डोळ्यांचे थेंब संपलेत. आणि एक सांगायचं होतं. ईस्टर झाला की मी लिएपायाला चालले, लेकीकडे. आता तिथेच राहायचं. एकटीला चूल पेटवणं जमत नाही."

व्हेल्ताने थेंबांची बाटली तिच्या हातात ठेवली. झेंतामावशी तिच्या आईची मैत्रीण. व्हेल्ता सात वर्षांची असताना पहिला टाका कसा घालायचा ते हिनेच शिकवलेलं, नदीपलीकडच्या तिच्या लाकडी घराच्या पायरीवर बसून.

"माझा स्वेटर झाला असेल ना एव्हाना?" मावशीने विचारलं.

"झालाच म्हण," व्हेल्ता म्हणाली. "बाह्यांचं थोडंसं राहिलंय."

"बरं." मावशी एवढंच म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली.

बाह्यांचं थोडंसं नव्हतं राहिलं. दोन्ही बाह्यांचा एक टाकासुद्धा घातलेला नव्हता. तो स्वेटर व्हेल्ताने तीन वर्षांत पिशवीबाहेरही काढला नव्हता.

व्हेल्ता आळशी होती असं मात्र कुणी म्हणू नये. तिच्या हातात सुया नाहीत असं कुल्दिगा गावात कुणी तिला फारसं पाहिलं नसेल. बसची वाट बघताना, दुकानात गिऱ्हाईक नसताना, शिजणाऱ्या वाटाण्यांवर लक्ष ठेवतानाही तिची बोटं चालू असत. अडचण वेगळीच होती. सुरुवात करायला तिला भारी आवडे. नवी लोकर, नवा नमुना, पहिली चार बोटं वीण सुयांवर उमलून येते तो आनंद. मग दुसऱ्या हातमोज्याची, दुसऱ्या बाहीची पाळी आली की जीव कंटाळे, आणि नेमकी तेव्हाच बाजारात कुठेतरी एखादी लडी नजरेला पडे. झोपायच्या खोलीतल्या पेटीत दिराचा एक पायमोजा होता, फक्त एक. पुतणीच्या बाळासाठी विणायला घेतलेलं पांघरूण होतं, अर्धं. ते बाळ आता शाळेत जात होतं. कुणाचा वाढदिवस, कुणाचा कॅलेंडरातला नामदिवस, कुणाचं लग्न, सगळ्यांना व्हेल्ता तोंड भरून सांगून बसलेली असे, "तुझ्यासाठी विणतेय हं!" आणि आदल्या दिवशी दुकानातून चॉकलेटचा डबा आणायला धावे.

नवरा इमांत लाकडाच्या वखारीतून निवृत्त झालेला, मासे धरणारा, शांत माणूस. तो एकदाच म्हणाला होता, "आपल्यामागे पोरगं हे घर उघडेल ना, तेव्हा त्याला वाटेल, हे दोघं मेंढ्याच खाऊन जगत होते."

त्या संध्याकाळी व्हेल्ताने पेटीच्या तळातून झेंतामावशीची पिशवी काढली. उघडल्याबरोबर मेंढ्यांचा, धुराचा वास आला. मावशीच्या स्वतःच्या मेंढ्यांची ही शेवटची लोकर. तिनेच कातलेली, बर्चच्या झाडाच्या पानांत तिनेच रंगवलेली, पिवळी, पण भडक नाही, ऊन उतरतानाच्या गवतासारखी. नवऱ्यासाठी, आर्नोल्डसाठी, तिने स्वेटर विणायला घेतला होता. पाठ झाली, पुढचा भाग झाला, गळा झाला आणि आर्नोल्ड गेला. पाठोपाठ काचबिंदूने मावशीची नजर गेली. तेव्हा ही पिशवी व्हेल्ताच्या मांडीवर ठेवून ती म्हणाली होती, "माझ्या मापाचा नाहीये. तरी मीच घालणार आहे. दोन बाह्या तेवढ्या करून दे. घाई नाही."

घाई नाही, हेच चुकलं.

व्हेल्ताने लोकर पलंगावर मांडली. बाह्यांसाठी चार लड्या होत्या. आता दोनच होत्या. तिला शोधाशोध करायची गरज नव्हती. उरलेल्या दोन कुठे गेल्या ते तिला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षं ती ते ठाऊक असणं पिशवीसकट तळाशी दाबून बसली होती, इतकंच.

मुलाचं, नॉर्मुंडचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. सून बाइबाचा त्यांच्या घरातला तो पहिला नाताळ. व्हेल्ताने तिला शाल कबूल केली होती. शाल वितीएवढी झाली होती आणि सण चार दिवसांवर आला होता. घरात लोकर ढीगभर, पण ह्या पिवळ्यासारखी एकही नाही. उसनी घेतेय, असं तिने मनाशी म्हटलं. जानेवारीत अशीच दुसरी बघून ठेवून देऊ. आणि त्या दोन लड्यांचे तिने हातमोजे विणले. तिच्या हातून तसे आधी कधी झाले नव्हते, नंतरही नाहीत. मनगटाला झालर, पंजावर बारीक चांदण्यांची वीण. बाइबाने ते घातले आणि दोन्ही हात गालांना लावून बसली.

"कुठून आणलीत हो ही लोकर?"

"तुझ्यासाठी मुद्दाम रंगवून घेतली," व्हेल्ता म्हणाली होती. ते वाक्य तोंडातून कसं गेलं ते तिला आजही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. व्हेल्ता दोन बस बदलून आइझ्पुतेजवळच्या एका खेड्यात गेली. तिथे एक बाई पानाफुलांच्या रंगात लोकर रंगवून विकते, असं वाचनालयात बुधवारी विणायला जमणाऱ्या बायका म्हणत. सोबत नमुन्याचा धागा घेतला होता. त्या बाईकडे पिवळे सात तऱ्हेचे होते. एक हिरवट, एक मोहरीसारखा, एक नुसताच फिका. जुळणारा एकही नाही.

"बर्चची पानं कुठल्या आठवड्यात तोडली त्यावर असतं ते," बाई धागा बोटांत फिरवत म्हणाली. "आणि मेंढीवर. हे नाही मिळायचं तुला कुठे. जिने केलंय तिलाच विचार."

व्हेल्ता मान हलवून वळली, आणि वळताना तिला खिडकीतली चेरीच्या रंगाची लडी दिसली.

परतीच्या बसमध्ये मांडीवरच्या पिशवीत पाच लड्या होत्या. चेरीच्या दोन, धुरकट निळ्या दोन, एक राखाडी. हात सारखा आत जात होता. चेरीची टोपी छान होईल, कडेला राखाडी रेघ, असं अर्धा रस्ता तिचं मन विणत होतं. गाव आलं, ती उतरली आणि थांब्यावर उभी राहिल्यावर तिला आठवलं की आपण कशासाठी गेलो होतो. थंडीतही तिचे कान तापले. पिशवी तिने घरात न नेता लाकडांच्या खोलीत ठेवली.

इमांतला ती सकाळी सापडली. सरपण आणायला गेलेला तो पिशवी घेऊनच आत आला आणि टेबलावर ठेवून समोर बसला.

"मिळाली का हवी ती?"

"नाही."

"मग हे काय?"

व्हेल्ताने सगळं सांगून टाकलं. इमांतने ऐकलं. पावाला लोणी लावायचं थांबवलं, मग पुन्हा लावायला लागला.

"आधी बाइबाला सांग," तो म्हणाला. "मग नदीपलीकडे मावशीकडे जा."

"हातमोजे परत मागू सुनेकडे? देऊन परत?"

"मागू नकोस. सांग."

बाइबा टपाल वाटायचं काम करी. तीनच्या सुमाराला तिची फेरी संपे. व्हेल्ता गेली तेव्हा ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती आणि हातमोजे चुलीच्या कठड्यावर वाळत होते. व्हेल्ताने ते प्रथमच नीट पाहिले. दोन हिवाळे रोज वापरलेले. पंजावरची वीण घासून नमद्यासारखी एकजीव झालेली, डाव्या अंगठ्याला बाइबाने स्वतःच काळ्या दोऱ्याने घातलेलं ओबडधोबड रफू. उसवायचं म्हटलं तरी आता मनगटाच्या झालरीखेरीज धागा सुटला नसता. दोन लड्या खरोखरच संपल्या होत्या.

सांगताना व्हेल्ता चहाच्या कपाकडेच बघत होती. संपल्यावर बाइबाने गाळणं खाली ठेवलं.

"म्हणजे माझ्यासाठी नव्हतीच," ती म्हणाली.

"विणले तुझ्यासाठीच गं. प्रत्येक टाका..."

"लोकर म्हणतेय मी. मुद्दाम रंगवून घेतलीये म्हणालात. मी दारोदार सांगत फिरले, आई. कुणी मोजे छान म्हटलं की सांगायचे, सासूबाईंनी माझ्यासाठी रंगवून घेतली. आमच्या टपाल कचेरीत तर पाठ झालंय सगळ्यांना." ती हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "एका आंधळ्या बाईच्या पिशवीतली!"

"चुकले मी."

बाइबाने उठून मोजे काढले, तिच्यासमोर ठेवले. "न्या. काय उसवता येईल ते उसवा."

"मी मागायला नाही आले."

"ठाऊक आहे. तरी न्या. आता माझ्याने ते घालवणार नाहीत."

व्हेल्ताने उसवले नाहीत. सुई हातात घेऊन झालरीचं टोक शोधलं आणि काळ्या दोऱ्याचं ते रफू बघून सुई ठेवून दिली. त्यापुढचे पाच आठवडे तिने दुसरं काहीच हातात घेतलं नाही. पहिली बाही पूर्ण झाली, दुसरी कोपरापर्यंत आली आणि लोकर संपली. ईस्टरच्या आधीच्या शनिवारी तो स्वेटर, मोजे आणि तीन ट्युलिप घेऊन ती विटांचा पूल ओलांडून पलीकडे गेली.

झेंतामावशीचं घर निम्मं रिकामं झालं होतं. खोकी भिंतीशी लावलेली. मावशी खुर्चीत बसली होती. तिने स्वेटर मांडीवर घेतला आणि बोटांनी वाचायला लागली. पाठ, गळा, एक बाही, दुसरी बाही. दुसरी बाही अर्ध्यावर संपली तिथे बोटं थांबली.

"लोकर कमी पडली?"

"मावशी, मी त्यातल्या दोन लड्या..."

"सुनेचे मोजे केलेस."

व्हेल्ताच्या हातातली फुलं तशीच राहिली.

"टपाल तीच आणते ना माझं," मावशी म्हणाली. "पेन्शनीचा कागद हातात देते, सही कुठे करायची ते माझं बोट धरून दाखवते. पहिल्याच दिवशी कळलं मला. माझी लोकर मला कळणार नाही? मी विचारलं तिला, कुणी दिले गं? सासूने, म्हणाली. खास माझ्यासाठी म्हणून. एवढी खुशीत होती पोरगी. मी काय बोलणार?"

"दोन वर्षं तू..."

"दोन वर्षं मी वाट बघितली. दर वेळी दुकानात आले की वाटायचं, आज सांगेल. थेंब काय, मला तुझी सूनही आणून देऊ शकली असती." मावशीचा आवाज चढला नव्हता, आणि तेच व्हेल्ताला सहन होईना. "लोकरीचं नाही गं मला. मागितली असतीस तर चारही दिल्या असत्या. मी शिकवलेली पोर तू, मला दिसत नाही म्हणून माझ्या पिशवीत हात घालतेस, हे लागलं."

व्हेल्ता रडायला लागली. मावशीने तिला रडू दिलं. गप्प हो म्हणाली नाही, डोक्यावर हातही ठेवला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "दुसरी बाही कुठल्याही लोकरीने पुरी कर. घरात असेलच तुझ्या, तुझ्या घरात काय कमी! मला रंग दिसायचा नाही. तुला दिसेल."

"करते. आणि हे मोजे..."

"ते तिचे आहेत. परत दे. पण आता माझ्याकडून म्हणून दे. तसं सांग तिला, झेंताने दिलेत."

उरलेली बाही व्हेल्ताने तपकिरी लोकरीने केली, दोन रात्रींत. कोपरापासून खाली तपकिरी. ईस्टरनंतर मावशीची लेक गाडी घेऊन आली. मावशी स्वेटर घालूनच बाहेर आली. आर्नोल्डच्या मापाचा तो स्वेटर तिला गुडघ्यापर्यंत येत होता, बाह्यांतून बोटांची टोकंही दिसत नव्हती. लेक म्हणाली, "अगं आई, ही एक बाही अशी का?" मावशी म्हणाली, "लोकर संपली." व्हेल्ता तिथेच उभी होती. गाडी पुलापलीकडे जाईपर्यंत ती हात हलवत राहिली. मावशीला ते दिसणार नाही, हे नंतर तिच्या लक्षात आलं.

मोजे तिने बाइबाला त्याच दिवशी दिले, निरोपासकट, शब्दही न बदलता. बाइबाने ते खिशात घातले. "त्यांना फोन करीन मी," म्हणाली. व्हेल्ताला आत ये म्हणाली नाही.

उन्हाळाभर बाइबा सासरी येई, जेवे, भांडी पुसायला मदत करी, सगळं रीतीप्रमाणे. व्हेल्ताने ह्या काळात दिराचा दुसरा पायमोजा पूर्ण केला. पांघरूण उसवून टाकलं. चेरीची टोपी मात्र तिने सुरू केलीच, आणि ती जूनमध्ये अर्धी राहिली. माणूस एका चुकीने बदलतं थोडंच.

सप्टेंबरातल्या एका रविवारी नॉर्मुंड आणि इमांत नदीवर गेले होते. बाइबा टेबलाशी सफरचंदं चिरत होती. अचानक सुरी ठेवून म्हणाली, "आई, ह्या वर्षी मला काही विणून देऊ नका."

"बरं," व्हेल्ता म्हणाली.

"मला शिकवा. माझे मी विणीन. निदान लोकर कुठली ते तरी ठाऊक असेल."

हा टोमणा होता की आणखी काही, ते व्हेल्ताला कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. तिने हात पुसले, सुया आणल्या, खुर्ची बाइबाच्या खुर्चीला लावली.

"कुठली लोकर घेऊ?" तिने विचारलं.

"तुम्ही नका घेऊ," बाइबा म्हणाली. "येताना मी आणलीय."