मरीमायला दाखवलेला कोंबडा

तानुबाईच्या तोंडी लागायचं नाही, हे चिखलीच्या अलीकडच्या त्या खेड्यात शेंबड्या पोरांनाही ठाऊक आहे. बाई मनानं निर्मळ, पण जिभेला हाड नाही. रेशनवाला तिला लांबून पाहिलं की काटा आपोआप सरळ ठेवतो. नवरा शेषराव मात्र असा देवभोळा, की मांजर आडवं गेलं तर घरी परत येईल, चहा पिईल आणि मग पुन्हा निघेल.

गेल्या हिवाळ्यात शेषरावाला टायफाईड झाला. अंथरुणात पडल्या पडल्या तो गावदेवी मरीमायला नवस बोलला, "उठून बसलो त आखाडीले तुले कोंबडा देईन." उठून बसला खरा. आणि कोंबडा कोणता? तर तानुबाईनं तळहातावर दाणे टिपवून वाढवलेला शेंदऱ्या! शेंदरासारखा रंग, तुरा असा ताठ की सरपंचाच्या फेट्यानं मान खाली घालावी. पण नुकत्याच दुखण्यातून उठलेल्या माणसाशी काय भांडणार? आखाड अजून लांब होता, म्हणून तिनं भांडण पुढं ढकललं.

आखाड तोंडावर आला आणि एका दुपारी मोकाट कुत्रं अंगणातल्या पिलांवर धावून आलं. शेंदऱ्या मधे पडला. कुत्र्यानं त्याला तोंडात धरून झटकलं. तानुबाई फावडं घेऊन धावली तसं कुत्रं पळालं, पण शेंदऱ्याचा एक पाय लोंबत होता आणि पंख फाटला होता.

"आता काय राह्यलं त्याच्यात? हळद-मीठ लाव आन् ठेव चुलीवर," कुंपणापलीकडून कोणीतरी म्हणालं.

"ये इकडं, तुह्याच तोंडाले लावते हळद-मीठ!" तानुबाई ओरडली.

तिनं पाय सरळ केला, दोन्ही बाजूंनी बांबूच्या कामट्या लावल्या आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधून टाकला. पंखाला हळद आणि खोबरेल लावलं. शेंदऱ्या मान उचलेना, तेव्हा ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, बोटानं चोच उघडून घास भरवले. पाणी चिंधीनं थेंब थेंब पाजलं. तो डोळे मिटायला लागला की ती त्याला हलवायची. "मरून त दाखव," ती त्याला दम भरायची, "तंगडंच मोडते मंग दुसरं!"

शेषरावही रोज शेंदऱ्यावर झाकलेलं टोपलं उचलून बघायचा. एकदा तर कण्यांत तूप घालून घेऊन आला. तानुबाईला वाटलं, माणसाला कणव आहे हो! पण ज्या दिवशी शेंदऱ्या स्वतःच्या पायावर उभा राहिला, त्या दिवशी शेषरावानं त्याची छाती चाचपली आणि खूश होऊन म्हणाला, "जमलं! आखाडीले बरोब्बर तयार होते. मरीमायले धडधाकटच लागते, लंगडं चालत नाही."

तानुबाईच्या हातातल्या कण्या तशाच राहिल्या. म्हणजे इतके दिवस आपण याला सुरीसाठी उभा करत होतो? तिला स्वतःचाच संताप आला.

शेजारच्या अंबूबाईनं हळूच तोड सुचवली. "कामटी जराशी वाकडी बांध वं. लंगडा राह्यला की वाचला. सापही मरते आन् काठीही मोडत नाही."

"काऊन? मी काय चोर हाव? पाय सरळ करीन, आन् देणारही नाही!"

घरात येऊन तिनं नवऱ्याला तसंच तोंडावर सांगितलं. शेषराव पांढराफटक पडला. "अवं, नवस मोडला आन् माय कोपली म्हंजे?"

"तुमाले पेज कोणं पाजली? घाण कोणं काढली? म्याच ना? मंग तुमी बरे झाले तवा तुमाले कोण्या देवाच्या ओट्यावर नेलं का म्या कापाले?"

 शेषराव उठून मरीमायपुढं फोडायला नारळ शोधायला लागला.

आखाडीला मरीमायच्या ओट्यापाशी गर्दी होती. तानुबाई शेंदऱ्याला काखेत घेऊन पुढं, शेषराव नारळ घेऊन मागं. भगत जानराव सुरी धुऊन उभाच होता. "आणला का वं कोंबडा?"

"आणला. दाखवाले आणला, द्याले नाही."

तिनं शेंदऱ्याला ओट्यापुढं खाली सोडलं. त्यानं पंख झाडले आणि दोन्ही पाय सारखे टाकत चालून दाखवलं.

"पाहून घे, माय," तानुबाई म्हणाली. तिची मान वर होती. "धडधाकट हाय, तुले लागते तसाच. पण मरणाच्या दारातून याले म्या ओढून आणला, आता माह्या हातानं परत तिथं लोटणार नाही. नवस बोलले हे, मोडला म्या. कोपाचं असंल त माह्यावर कोप."

कोणी तोंडावर पदर घेतला, कोणी कानाला हात लावले. जानरावानं शेषरावाकडं पाहिलं. आता हा बायकोला आवरील, असंच सगळ्यांना वाटलं. शेषराव पुढं आला, खाली बसला आणि दगडावर नारळ फोडला.

"दोघांवरही कोप, माय," तो हात जोडून म्हणाला. "घर एकच हाय आमचं."

तानुबाईनं शेंदऱ्याला काखेत घेतलं आणि दुसरा हात देऊन शेषरावाला उठवलं.