सुप्याचं माकडशिंग आणि आबांचं नाव

सुप्याला जायचं ठरलं ते माझ्या हट्टानं. गेल्या वर्षी तिथल्या माळावर मला एक बुटकं, जाडसर माकडशिंग, म्हणजे निवडुंगासारखं रानझाड, दिसलं होतं, जवळजवळ काळ्या फुलांचं. ही जात नवीच, असं मनाशी पक्कं करून मी गावी, कन्हेरीला, वडिलांना सांगूनही टाकलं, "आबा, हिला तुमचं नाव देणार!" शिक्कामोर्तब तेवढं मेधाचं हवं होतं. मेधा माझी कॉलेजची मैत्रीण. मी शाळेत विज्ञान शिकवते, ती वनस्पतींचं वर्गीकरण करते. तिच्या नावावर दोन नव्या जाती आहेत. जळते मी तिच्यावर, लपवत नाही.

जायचं तर श्रावण सरताना जा, फुलं तेव्हा असतात. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं चौफुल्याला उजवीकडे वळलं की सुपे. मिसळ आणि पाणी चौफुल्यालाच उरका, माळावर सावली नाही. सुप्याच्या अभयारण्यात कशाला हात लावू नका. आमचा माळ बाहेरचा, मालकाला विचारून गेलो.

मेधानं एकच फूल उभं चिरून भिंगाखाली धरलं.

"नेहमीचंच आहे गं. पाणी कमी म्हणून बुटकं. रंग काय, एकाच माळावर बदलतो."

वर कुंपणावरची खर्चुडीची नाजूक वेल दाखवून म्हणाली, "हीसुद्धा आता काहीजण याच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, धरतात."

कुठे वेल, कुठे हे बिनपानांचं मांसल दांडकं! पण पान-खोड पाण्यापावसाप्रमाणे बदलतं, फुलाच्या पोटातली मांडणी सहजी बदलत नाही. दोन्हींच्या फुलांत मधोमध तशीच मुकुटासारखी रचना, परागांच्या तशाच मेणचट जोडपिशव्या, आणि डीएनएही मूळ एकच सांगतो. मूळ एक, म्हणून प्रजाती एक. मला पटलं, म्हणून जास्तच राग आला. जगाची नाती जुळवते ही, माझंच तेवढं वेगळं पडू देत नाही.

पुढे इंदापूरकडे वरकुट्याचा माळही बघायचा बेत मीच मोडला आणि आम्ही थेट आबांकडे गेलो. कन्हेरीत आबांना सांगायला माझी जीभ रेटेना. शेवटी मेधानंच फूल तळहातावर ठेवून सगळं समजावलं. आबांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. इतकी वर्षं मी शिकवते, माझं त्यांनी कधी इतकं लक्ष देऊन ऐकलं नाही.

"म्हंजी येलीची न् ह्येची भावकी एकच हाय म्हना की."

"अगदी बरोबर, आबा."

"मंग माझं नाव कशाला मधी? ऱ्हाऊ द्या."

जेवताना मेधाच्या भाकरीवर त्यांनी स्वतः तूप वाढलं. माझ्या ताटाकडे लक्षही नव्हतं.

पुण्यात परतल्यावर नावाचं दुःख लवकर ओसरलं. काल आबांचा फोन आला.

"बांधावर निराळीच येल गावलीया."

"मी येते आबा, मी बघते."

"तू ईच की. पर त्या मेधाला घिऊन ये."

"तिला सवड नाही," मी म्हणाले. तिला मी विचारलंही नव्हतं.