अण्णांच्या परड्यातले दोन ड्रम

चार भाडेकरू एका परड्यावर राहिले की किस्से केरासारखे साठतात. आज झाडून काढले तरी उद्या कोपऱ्यात आहेतच! आता वयामुळे एखाद्या किश्श्याचं टोक माझ्याकडून दुसऱ्याला जोडलं गेलं असेल. तेवढं सांभाळून घ्या.

सत्तरच्या दशकात मी राजारामपुरीत अण्णांच्या घरात भाड्यानं राहत होतो. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. डॉक्टरेट खतांवर, पण स्वतः मूठभर खतही कधी केलं नव्हतं. आपली विद्या नुसती कागदावरचीच का काय, ही बोच होती. म्हणून घरमालकांकडे घरामागच्या परड्याचा कोपरा मागितला. पेरूच्या झाडाखाली एक खड्डा आणि शेजारी दोन ड्रम, एक ओल्या कचऱ्याचा, एक कोरड्याचा.

अण्णा म्हणाले, "प्रोफेसर, दसऱ्यापर्यंत बघतो. भाडेकरूंनी वापरलं तर ठीक. न्हाय तर तिथं कोबा करून स्कूटर लावणार!"

*

मी भाडेकरूंची मीटिंग घेतली. नायट्रोजनवर पाऊण तास बोललो. शेवटी घाबरतच विचारलं, "काही शंका?"

तीन नंबरच्या खोलीतल्या हौसाक्का कागलच्या. त्या म्हणाल्या, "सर, साली आमच्या. खड्डा अण्णांचा, झाड अण्णांचं. आमी साली टाकायच्या आनि पेरू मालकानं खायचं व्हय?"

नायट्रोजनात याचं उत्तर नव्हतं!

*

दोन दिवस मनाशी वाक्यं जुळवून मी माडीवर अण्णांकडे गेलो. "पेरू भाडेकरूंना द्याल का?"

अण्णा खदाखदा हसले. "सगळं घ्या की! बारा वर्षांत त्या झाडाला एक फूल आलेलं न्हाय."

हे खाली भाडेकरूंना कसं सांगावं? पण लपवणं बरं वाटेना. सांगून टाकलं.

हौसाक्का झाडाकडे बघत म्हणाल्या, "उपाशी असंल बिचारं!"

दुसऱ्या दिवसापासून ओला ड्रम भरायला लागला.

*

कोरडा मात्र रिकामाच. लोकांना कळत नसेल म्हणून मी फळीवर सुबक अक्षरांत लिहिलं, 'कोरडा कचरा येथे टाकावा'. तिसऱ्या दिवशी फळी गायब!

हौसाक्कांच्या दारात अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब पेटला होता. त्याच्या तोंडातून जळक्या लाकडाचं टोक बाहेर आलं होतं. त्यावर वाचता येत होतं, 'टाकावा'.

"आक्का, ही माझी पाटी!"

"कोरडीच हुती की, सर!"

*

पुढे त्या ड्रमात पत्र्याचे डबे पडू लागले. पाच नंबरचे रसूलभाई पत्र्याचं काम करायचे. ड्रमही त्यांनीच बनवून दिले होते. ते डबे कधी उचलतात ते कळायचं नाही. एक दिवस त्यांनी मला रॉकेलचं नरसाळं आणून दिलं. त्याच्या कडेला माझ्याच पावडरच्या डब्याचं गुलाबाचं फूल!

मी भारावून म्हणालो, "रसूलभाई, आपली योजना यशस्वी झाली म्हणायची!"

"सर, तुमी नुसती पाटी लावलासा," ते शांतपणे म्हणाले. "हे आमच्या वालिदांच्या टायमापासनं चालू हाय. आनि पाटी बी जळाली!"



*

दसऱ्याच्या सकाळी अण्णा गवंड्याला घेऊनच परड्यात आले. मी मागोमाग. मनात म्हटलं, आज ड्रम काठोकाठ असणार.

पण आदला दिवस खंडेनवमीचा! त्या दिवशी विळी, कोयता, शिलाईचं मशीन, सगळी कामाची हत्यारं धुऊन पुजतात. हौसाक्कांनी दोन्ही ड्रम रिकामे करून राखेनं लखलखीत घासले होते. वर हळद-कुंकू, झेंडूच्या माळा. खड्ड्यावर माती ओढून शेणानं सारवलं होतं, त्यावर रांगोळी. समोर नारळ फोडलेला. कचऱ्याचा कण नाही!

मी घाईनं पुढे झालो. "अण्णा, खरंच वापरतात हो..."

अण्णांनी आधी ड्रममध्ये डोकावून पाहिलं. मग माळेकडे पाहिलं. मग पायातल्या चपला बाजूला काढल्या.

"पावणं," ते गवंड्याला म्हणाले, "जावा तुमी. पुजलेलं हलवायचं न्हाय."

गवंडी गेला. अण्णांनी नारळातलं खोबरं काढून सगळ्यांना वाटलं. हातात करवंटी उरली. ती घेऊन ते दोन ड्रमच्या मधोमध उभे राहिले.

"प्रोफेसर, ही ओल्यात का कोरड्यात?"

करवंटी आतून ओली, बाहेरून कोरडी. मी ती हातात घेऊन उलटीपालटी करू लागलो.

तेवढ्यात तीन नंबरमधून आवाज आला, "बंबात की ओ, अण्णा!"